सतरा ठोके, पंधरा सेकंद

१

मुलुंडला राहणाऱ्या वनमालाबाई गायकवाडांच्या लेटरबॉक्समध्ये मंगळवारी सकाळी एक पाकीट सापडलं. आत एक पेनड्राइव्ह आणि छापील अक्षरांतली एका ओळीची चिठ्ठी होती. ‘रुचिरा तुमच्याबद्दल काय बोलते ते ऐका.’

बाईंनी पेनड्राइव्ह सुनेच्या लॅपटॉपला लावला आणि ऐकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग लॅपटॉप मिटला, अंधेरीला स्टुडिओत फोन लावला आणि मालक चंद्रप्रकाश शेट्ये यांना अगदी शांतपणे सांगितलं की आपलं आत्मचरित्र त्या मुलीच्या आवाजात निघणार नाही. सोमवारी रेकॉर्डिंग सुरू व्हायचं होतं. ते आता विसरा, म्हणाल्या.

वनमालाबाई शहात्तर वर्षांच्या. महापालिकेच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवलेलं, मुलांसाठी गोष्टींची बावीस पुस्तकं लिहिलेली. स्वतःबद्दल त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं होतं आणि ते बोलतं पुस्तक म्हणून आधी ऐकायला मिळावं, छापील नंतर, असा त्यांचाच हट्ट होता. वाचायला रुचिरा हवी, हाही त्यांचाच.

शेट्येंनी अक्षता मेस्त्रीला केबिनमध्ये बोलावलं. अक्षता स्टुडिओची सगळ्यांत जुनी एडिटर. वय बेचाळीस, पंधरा वर्षं कानांवर हेडफोन. तिला त्यांनी सगळं सांगितलं आणि तो आवाज खरा की बनावट ते शुक्रवारपर्यंत शोधून काढायला सांगितलं. पोलीस नकोत, बोभाटा नको.

मग त्यांनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

“खरा निघाला तर बाईंनी दुसरं नाव सुचवलंय,” ते म्हणाले. “तुझं.”

अक्षता केबिनबाहेर आली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आपल्याला आनंद झालाय. रुचिराचं कसं होणार, बाईंना काय वाटलं असेल, हे सगळं नंतर आलं. आधी आनंद आला. आणि तो इतका सरळ, इतका भुकेला होता, की तिने पाण्याची बाटली उघडून तिथेच उभ्याने अर्धी संपवली.

२

पंधरा वर्षांपूर्वी अक्षता ह्या स्टुडिओत आली ती वाचायलाच. ऑडिशन झाल्यावर शेट्ये म्हणाले होते, आवाज जाड आहे, मायक्रोफोनवर बाईमाणसाचा वाटत नाही. कान चांगला आहे, एडिटिंग शिक. ती शिकली. दुसऱ्यांचे श्वास कापले, अडखळलेली वाक्यं जोडली, कुणाची पट्टी उतरली तर ती चढवली.

दोन वर्षांपूर्वी बोरिवलीची रुचिरा आली. तेवीस वर्षांची, गळा काचेसारखा, पण वाचायचं कसं ते ठाऊक नाही. अक्षताने तिला घडवलं. श्वास कुठे घ्यायचा, वाक्याचा शेवट कसा खाली ठेवायचा, कुठल्या शब्दाआधी अर्धा क्षण थांबायचं. रुचिराने ते सगळं जसंच्या तसं उचललं. सहा महिन्यांत लोक तिच्या थांबण्याचं कौतुक करायला लागले. अक्षता काचेच्या ह्या बाजूला बसून ऐकायची आणि तिला वाटायचं, ही माझीच ढब आहे. हिला फक्त गळा बरा मिळालाय.

बुधवारी सकाळी ती मुलुंडला गेली. बाईंनी पेनड्राइव्ह हातात दिला, चहा दिला, बोलल्या मात्र फार थोडं. शिव्या पचतात, म्हणाल्या, पण ह्या मुलीला मी घरी बसवून माझ्या आईबद्दलची पानं वाचून दाखवली होती.

अक्षताने तिथेच आवाज ऐकला. पंधरा सेकंदांचा तुकडा होता.

“तुम्हीच सांगा, काय आहे तिच्यात? नुसतं नाव झालंय. मी आहे म्हणून लोक ऐकतात. मी हात काढला ना, तर दोन मिनिटं कुणी ऐकणार नाही तिला. आणि वर कौतुक कुणाचं, तर तिचंच.”

रुचिराच होती. शंकाच नको. तोच स्वच्छ गळा, ‘हात काढला’च्या आधी तोच अर्धा क्षण.

परतताना ती भांडुपला उतरली. तिथे राजारामकाका सावंत राहायचे. काका सत्तरीचे. गिरणी बंद पडल्यावर नाटकांत आणि मग कॅसेटवर आवाज देऊन त्यांनी संसार केला. वनमालाबाईंच्या बालगोष्टींच्या सगळ्या कॅसेट त्यांच्या आवाजात होत्या. त्यातला उंदीर आणि खार काढायला ते स्वतःच बोलायचे आणि मग टेप जोरात फिरवायचे. पट्टी आपोआप चढायची आणि मुलं खूश व्हायची. अक्षता त्यांना आपले गुरू मानायची. लॉकडाऊनमध्ये घरून रेकॉर्डिंग करता यावं म्हणून तिनेच त्यांच्या कॉम्प्युटरवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. काका ते नेटाने शिकले. रेकॉर्डिंग करायच्या आधी भिंतीवरचं टकटक वाजणारं घड्याळ गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि खिडक्या लावून घामाघूम होत वाचायचे.

“ये गो, बस,” काका म्हणाले.

अक्षताने त्यांना सगळी हकिगत सांगितली आणि हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून तुकडा ऐकला, हेडफोन काढला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

“आवाज तिचाच,” ते म्हणाले. “माझे कान इतके म्हातारे नाहीत झाले. आता तू वाच ते पुस्तक. तुझा हक्क होता तो.”

हेच तिला ऐकायचं होतं. तरी रिक्षात बसल्यावर तिला बरं वाटेना.

३

गुरुवारी सकाळी रुचिरा स्टुडिओत आली ती रात्रभर रडल्यासारखी. अक्षताने तिला एडिटिंगच्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि तुकडा ऐकवला. रुचिराने तो दोनदा मागून घेऊन ऐकला. अक्षता तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. चोरी पकडल्यावर माणसं बिथरतात किंवा चिडतात. ही गोंधळली होती.

“आवाज माझा आहे, ताई,” ती शेवटी म्हणाली. “पण मी हे बोलले नाही.”

“मग कोण बोललं?”

“मला नाही माहीत. पण बाईंबद्दल मी असं मनातसुद्धा आणलेलं नाही.”

अक्षताने मान हलवली आणि तिला घरी पाठवलं. आवाज माझाच आहे असं कबूल करणारी मुलगी खोटं बोलत असेल, तर फारच मूर्ख असली पाहिजे. आणि रुचिरा मूर्ख नव्हती, हे अक्षताला मान्य करावं लागत होतं.

मग आवाज तिचा, शब्द दुसऱ्याचे, असं कसं होईल? एक सोपा मार्ग होता. रुचिराने आतापर्यंत नऊ पुस्तकं वाचली होती. त्या शेकडो तासांतून शब्द कापून एकापुढे एक लावले तर हवं ते वाक्य करता येतं. ते करणारा माणूसही समोरच होता. नितेश, स्टुडिओचा रेकॉर्डिस्ट. सगळी मूळ रेकॉर्डिंग त्याच्या ताब्यात. मागच्या महिन्यात रुचिराने त्याची तक्रार केली होती, तो सेशन चालू असताना मोबाइलवर मॅच बघतो म्हणून. शेट्येंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

नितेशला तिने विचारलं. त्याने लपवाछपवी केली नाही. राग आहे, म्हणाला, पण एवढी उस्तवार कोण करेल? शब्द कापून जोडलेत वाटत असेल तर जोड दाखव.

अक्षता जोड शोधायला बसली. तुकडा मोठा करून, आवाज चढवून ती एकेक शब्दाच्या मधली शांतता ऐकत गेली. आणि तिथे, शब्दांच्या खाली, तिला काहीतरी सापडलं. अगदी बारीक टक, टक, टक. कुठल्यातरी भिंतीवरचं घड्याळ. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ठोके एकसारख्या अंतरावर पडत होते, एकही चुकत नव्हता. कुणी शब्द कापून जोडले असते तर ठोके कुठे ना कुठे अडखळले असते.

म्हणजे हे कुणीतरी एका दमात बोललं होतं. नितेश सुटला. रुचिरा मात्र आणखी अडकली.

दुपारी चहाला तिने स्टुडिओतल्या दुसऱ्या वाचक तेजलला गाठलं. तेजलही ह्याच पुस्तकासाठी ऑडिशन देऊन हरली होती. रस्त्याकडेच्या टपरीवर हॉर्नच्या गोंगाटात दोघी उभ्या राहिल्या. आपण जळतो, हे तेजलने चहा येण्याआधीच सांगून टाकलं. पण आपल्याला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, मोबाइलमधलं गाणं कापतानाही भावाला हाक मारावी लागते, हे तिचं म्हणणं खरं होतं.

“आणि मला काय विचारतेस गं?” तेजल बशीत चहा ओतत म्हणाली. “रुचिराबद्दल तू इथे उभी राहून काय काय बोललीयस, ते मी कुणाला सांगितलं का कधी?”

अक्षताची कानशिलं तापली. ती काहीतरी बोलून परत वर आली.

४

खोलीत येऊन तिने घड्याळाचे ठोके मोजले. काही करायला हवं म्हणून मोजले, खरं तर. तुकडा पंधरा सेकंदांचा, म्हणजे ठोके पंधरा हवेत.

सतरा भरले.

तिने पुन्हा मोजले. सतराच. सेकंदाचा काटा असलेलं कुठलंही घड्याळ मागे पडेल, पुढे जाईल, पण पंधरा सेकंदांत सतरा पावलं टाकणार नाही. घड्याळ चुकत नव्हतं, तर तुकडा पळत होता. कुणीतरी त्याचा वेग वाढवला होता. मुळात तो सतरा सेकंदांचा होता आणि तो दाबून पंधरात बसवला होता.

आता तुकडा किती वेगाने पळवलाय हे शोधायला अंदाज नको होता. घड्याळच सांगत होतं. पंधरा भागिले सतरा. तिने वेगाच्या चौकटीत अठ्ठ्याऐंशी टक्के लिहिलं आणि ऐकलं. ठोके आता सेकंदाला एक पडायला लागले. आवाज मात्र रुचिराचाच राहिला, थोडी रेंगाळत बोलणारी रुचिरा.

अक्षता चौकटीकडे बघत राहिली. वेगाच्या खाली ‘पट्टी कायम ठेवा’ अशी एक खूण असते. ती असली की वेग बदलतो, पण आवाज जाड किंवा बारीक होत नाही. हल्ली सगळे ती ठेवूनच काम करतात. तिनेही सवयीने ठेवली होती. पूर्वी टेपच्या काळात अशी सोय नव्हती. टेप जोरात फिरवली की आवाज पळायचाही आणि चढायचाही, दोन्ही एकत्र.

तिने खूण काढली आणि पुन्हा ऐकलं.

खोलीत एक जाड, भरदार आवाज बोलायला लागला. “तुम्हीच सांगा, काय आहे तिच्यात? नुसतं नाव झालंय.”

अक्षताने हात पुढे करून तो बंद केला. मग दार लावलेलं आहे ना ते पाहिलं. आवाज तिचा स्वतःचा होता.

५

तिने तुकड्यातले शब्द एका कागदावर लिहून काढले. मग एकेक धागा आपोआप सुटत गेला.

हे शब्द तिचे होते. वनमालाबाईंबद्दलचे नव्हते, रुचिराबद्दलचे होते. ‘नुसतं नाव’ रुचिराचं झालं होतं. ‘मी हात काढला’ म्हणजे एडिटरचा हात. दिवाळीच्या सुमारास रुचिराचं एक पुस्तक सगळीकडे गाजत होतं आणि अक्षता ज्याला त्याला हे ऐकवत सुटली होती. मत्सर माणसाला एकदा बोलून पुरत नाही. ती हे नितेशला बोलली होती ह्याच खोलीत, तेजलला टपरीवर, आणि राजारामकाकांना त्यांच्या घरी फराळाचा डबा द्यायला गेली तेव्हा. इतक्यांदा बोलली होती की शब्द स्वतःचेच आहेत हेही तिला ओळखू आलं नाही. आणि रुचिराची ढब मुळात तिचीच असल्यामुळे, पट्टी चढवताच अक्षताची रुचिरा झाली. त्याला फार कसब लागलं नव्हतं.

आता तिघांपैकी कोण?

टपरीवर हॉर्न, रिक्षा, कढईचा आवाज. तुकड्यात ह्यांतलं काहीच नव्हतं. ही खोली शांत, पण स्टुडिओत टकटक करणारं घड्याळ ठेवायला शेट्येंची सक्त मनाई होती. सगळीकडे आकड्यांची घड्याळं. शिवाय नितेशने केलं असतं तर त्याने नुसती पट्टी चढवली असती, वेळ तशीच राहू दिली असती आणि घड्याळही बरोबर चाललं असतं. वेग आणि पट्टी एकत्र चढवणारा माणूस टेपच्या काळातला असणार.

आणि सगळ्यांत साधी गोष्ट तर पहिल्याच दोन शब्दांत होती. ‘तुम्हीच सांगा.’ नितेशला ती ‘तूच सांग’ म्हणाली असती, तेजलला ‘तूच सांग गं’. त्या दिवाळीत ती ज्यांच्याकडे रडगाणं घेऊन गेली, त्यांत ‘तुम्ही’ म्हणायचं माणूस एकच होतं.

त्याच माणसाने डोळे मिटून तुकडा ऐकला होता आणि सांगितलं होतं, आवाज तिचाच.

६

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ती भांडुपला पोहोचली. काकांनी दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. अक्षताने घड्याळाखालच्या खुर्चीत बसून सगळं सांगितलं, ठोक्यांपासून ‘तुम्ही’पर्यंत. 

रेकॉर्डिंग काकांनी ठरवून केलेलं नव्हतं, असं ते म्हणाले. दिवाळीत ती आली तेव्हा ते मोबाइलवर उतारा वाचून नुसता सराव करत होते, म्हणून घड्याळ भिंतीवरच होतं, आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं. जानेवारीत ते सगळं कॉम्प्युटरवर घेऊन ऐकत होते. पटकन उरकावं म्हणून वेग वाढवला, खूण काढलेली होती हे लक्षात नव्हतं, आणि अचानक खोलीत रुचिरा बोलायला लागली. त्या दिवशी ते हसले होते. पेनड्राइव्ह घेतला तो मार्चमध्ये.

“मार्चमध्ये काय झालं?” अक्षताने विचारलं.

काकांनी कप तिच्यापुढे ठेवला. 

“तीस वर्षं,” ते म्हणाले, “बाईंची कुठलीही गोष्ट लिहून झाली की पहिली मला वाचून दाखवायच्या. ह्याच खोलीत. माझी बायको असताना तिला आणि मला, ती गेल्यावर मला एकट्याला. ह्या पुस्तकाचं नावसुद्धा मला त्या पोरीकडून कळलं. मार्चमध्ये एका कार्यक्रमात भेटली. म्हणाली, काका, तुमच्यावर पण एक प्रकरण आहे, मी वाचलं. मी जे काय त्या बाईंशी बोललो असेन, माझ्या बायकोच्या आजारपणात, ते आता ती पोरगी वाचणार. माझं बोलणं. तिच्या आवाजात.”

“बाईंना सांगायचं होतं तुम्ही.”

“काय सांगू? मला वाईट वाटलं म्हणून?” ते थोडं हसले. “सत्तराव्या वर्षी?”

खाली कुणीतरी भाजीवाल्याशी भाव करत होतं. काका खिडकीपाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून बोलले.

“तू तरी काय वेगळी आहेस? शब्द तर तुझेच. मी फक्त पट्टी चढवली. गप्प राहा, अक्षता. पोरगी लहान आहे, तिला दुसरी पुस्तकं मिळतील. तुला हे एकच मिळणार.”

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. अक्षता चहा न पिता उठली. दारात चपला घालताना तिने एवढंच सांगितलं की चार वाजता आपण मुलुंडला बाईंकडे जाणार आहोत, आणि काकांबद्दल काय सांगायचं ते काकांनीच येऊन सांगावं.

पण त्या चारपर्यंतच्या वेळात आपण काय करणार आहोत, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे ती दोन तास बसली. समोर इडली गार झाली. बाईंच्या पुस्तकाची पहिली पाच पानं ऑडिशनांत ऐकून ऐकून तिला पाठ होती. ती तिने मनात वाचून पाहिली, स्वतःच्या जाड आवाजात, हळू, आणि ती फार चांगली वाचली गेली. ह्याचं तिला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

कुणाला काही कळणार नव्हतं. नितेशला ठोके ऐकू आले नव्हते. रुचिरानेच आवाज आपला म्हणून कबूल केलं होतं. गप्प बसायलाही काही करावं लागणार नव्हतं, आणि हेच तिला सोसेना. सकाळी काका ‘तू तरी काय वेगळी आहेस’ म्हणाले, तेव्हा तिला त्यांचा राग आला नव्हता. तिने त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं होतं आणि अजून तीस वर्षांनी खिडकीपाशी कोण उभं असेल, हे तिला दिसलं होतं.

तिने शेट्येंना फोन केला आणि रुचिरालाही घेऊन यायला सांगितलं.

७

बाईंच्या हॉलमध्ये शेट्ये सोफ्याच्या कडेवर बसले होते, रुचिरा खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून. अक्षताने लॅपटॉप उघडला. आधी तुकडा होता तसा ऐकवला. बाईंनी नजर वळवली. मग अक्षताने घड्याळाचे ठोके दाखवले, हिशोब सांगितला, वेग उतरवला, खूण काढली आणि पुन्हा लावलं.

खोलीत तिचाच आवाज बोलत होता. ह्या वेळी तिने तो शेवटपर्यंत चालू दिला.

“हे मी बोलले,” ती म्हणाली. “दिवाळीत. बाई, तुमच्याबद्दल नाही. रुचिराबद्दल.”

 रुचिरा तिच्याकडे बघत होती, आणि तिला सगळं हळूहळू उलगडत होतं हे दिसत होतं. आपण सुटलो ते आधी, आणि कशामुळे सुटलो ते नंतर. अक्षताला ते बघवलं नाही, तरी तिने बघितलं.

“आवाज चांगला आहे गं तुझा,” वनमालाबाई म्हणाल्या. “शब्द घाण होते.”

मग त्यांनी विचारलं की हे रेकॉर्ड कुणी केलं आणि पेनड्राइव्ह कुणी टाकला. अक्षता म्हणाली, ज्यांच्या घरी बोलले ते येतो म्हणाले नाहीत, पण मी वाट बघणार आहे. साडेचारला बेल वाजली. राजारामकाका दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तीन जिने चढून धाप लागली होती. आत न येता, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

बाई उठल्या नाहीत. 

“चहा घ्या, राजाराम,” त्या म्हणाल्या, “आणि जा.”

काकांनी चहा घेतला. उभ्यानेच. कप स्वतः आत नेऊन विसळला, पालथा घातला आणि गेले. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावर संपेपर्यंत बाई दाराकडेच बघत होत्या. मग त्यांनी शेट्येंना विचारलं की सोमवारी किती वाजता यायचं.

अक्षता लॅपटॉप पिशवीत घालून निघाली. पहिल्या मजल्यावर मागून हाक आली. रुचिरा दोन पायऱ्या वर थांबली होती.

“एक खरं सांग,” ती म्हणाली. “तू हात काढलास तर मला कुणी ऐकणार नाही, असंच आहे का?”

अक्षताने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

“पहिल्या पुस्तकात खूप सावरलं मी,” ती म्हणाली. “दुसऱ्यात थोडं. त्यानंतर मला काही करावं लागलेलं नाही. फायली उघडते, ऐकते आणि बंद करते.”

“हे तू मला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस.”

“नाही.”

रुचिरा तिला ओलांडून खाली गेली.

सोमवारी रेकॉर्डिंग सुरू झालं. रुचिराने एडिटर म्हणून नितेश मागून घेतला होता आणि शेट्येंनी काही न विचारता तो दिला. अक्षताकडे पाकक्रियेचं एक पुस्तक आलं. अकराच्या सुमारास ती काही कारण काढून कंट्रोल रूममध्ये गेली आणि नितेशच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. काचेपलीकडे रुचिरा बाईंच्या आईबद्दलची पानं वाचत होती. अक्षताला वाटलं होतं की एवढं सगळं झाल्यावर आता जळणार नाही. तसं काही नव्हतं. छातीत तीच जुनी कळ होती, त्याच जागी.

पान संपता संपता रुचिराने एक वाक्य चुकीच्या जागी तोडलं. अर्थ उलटा होत नव्हता, पण आईचं दुःख उगाच मोठं वाटत होतं. नितेशच्या ते लक्षात आलं नाही. अक्षताने त्याच्या टेबलावरची चिठ्ठी ओढली, दोन शब्द लिहिले, कुठे थांबायचं तिथे उभी रेघ मारली आणि ती त्याच्यापुढे सरकवली. त्याने मायक्रोफोनवरून रुचिराला ते सांगितलं. कुणी सुचवलं ते सांगितलं नाही.

रुचिराने क्षणभर काचेकडे पाहिलं. मग कागद नीट धरला, श्वास घेतला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. ह्या वेळी ते बरोबर जागी थांबलं.

“हेच ठेव,” अक्षता नितेशला म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.